'ज'वरची मात्रा

धाकट्या भावाचं ठरलेलं लग्न चार दिवसांवर आलं असताना मोडलं, त्या वर्षी बँड उभा राहिला. ताईच्या घरात सालं अजून अशीच मोजतात: आई जिन्यावरून पडली ते साल, आत्या कायमची राहायला आली ते साल, लग्न मोडलं ते साल. मुलीने कळवलं होतं की तिला लांबच्या गावी नोकरी लागली आहे आणि ती निघाली आहे. यात रागावण्यासारखं काही नव्हतं, म्हणून भाऊ जास्तच रागावला. हॉल ठरलेला, मालक हॉल परत घेईना, निम्मे पाहुणे लांबून निघालेही होते. तेव्हा ताई म्हणाली, "हॉल आहे, माणसं येणार आहेत, तू बास वाजवतोस. मग वाजव की!" तोंडात बोट घालायचं सोडून आई एकदम म्हणाली, "आणि माणसांना सांगायचं काय?" ताई म्हणाली, "काही सांगायचं नाही. आवाज एवढा करायचा की कोणाला विचारताच येणार नाही." तिला सगळे ताईच म्हणत. भाऊ म्हणायचा म्हणून शेजारी म्हणू लागले, ती काम करायची त्या लाँड्रीतल्या बायका म्हणू लागल्या, आणि बँडमध्ये गाणारा बस कंडक्टर तिच्याहून तीन वर्षांनी मोठा असूनही ताईच म्हणायचा.

हे सगळं पुन्हा वर आलं ते अडतीस वर्षांनी, एका मंगळवारी दुपारी, बसथांब्यावर. ताई नवा चष्मा घेऊन परत चालली होती. दिसेल ते वाचायचं ही तिची खोड, आणि नव्या चष्म्याने त्या खोडीला पंख फुटले होते. कुलपाचं दुकान, दातांचा दवाखाना, 'येथे थुंकू नये', 'भाड्याने देणे आहे', सगळं ती ओठ हलवत वाचत होती. थांब्याच्या काचेवर एक पोस्टर होतं. चार माणसांचा काळापांढरा फोटो. मधे गळ्याच्या शिरा ताणून गाणारा कंडक्टर, डावीकडे भाऊ, उजवीकडे गिटार घेऊन वायरमन, आणि मागे ड्रमच्या वर केसांचं टोपलं झालेली एक पोरगी. ती स्वतःच. वर मोठ्या अक्षरांत 'उजेड', खाली 'तीन कॅसेटी, एक रेकॉर्ड, लवकरच'. तिने नाव पुन्हा वाचलं. मग फोटोतल्या ड्रमवर नजर गेली आणि तिथेच अडकली. ड्रमच्या पांढऱ्या तोंडावरही 'उजेड' लिहिलेलं होतं. तिच्याच ब्रशचं जाड वळण, तिचाच थोडा कललेला उ, तिचाच ड, पण 'ज'च्या शेजारी तिने काढलेली उभी रेघ नव्हती आणि डोक्यावर तिने कधीच न काढलेली मात्रा होती. कोणीतरी तिचा हात धरून, तिला न विचारता, अडतीस वर्षं मागे जाऊन लिहिलं होतं. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, यायचंय का?" ताई म्हणाली, "नाही. मी वाचतेय." बस गेली.

ड्रम अग्निशमन दलाच्या मोडलेल्या वाद्यवृंदातला होता. त्याच्या तोंडावर शिरस्त्राणाचं चित्र होतं, ते तिने घरामागच्या अंगणात पांढऱ्या रंगाने झाकलं. नाव काय, हे चौघांचं ठरलं होतं: उजेड. कंडक्टरचीच कल्पना. तालमीत तो म्हणायचा, एक दोन तीन, उजेड, आणि गाणं सुरू. पण ड्रमवर रंगवायचं काम आलं तेव्हा ताई गप्प बसली. तिला अक्षर येत नव्हतं. हे फक्त भावाला आणि आईला माहीत होतं. लाँड्रीत जेवणाच्या सुट्टीत ती पेपर समोर धरून बसायची आणि पानं मोजून उलटायची. तिथे इस्पितळांच्या चादरी यायच्या, प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात शिवलेलं नाव, आणि ती नावं ती चेहरे ओळखावेत तशी ओळखायची. वर्षात एकही चादर चुकीच्या इस्पितळात गेली नाही. मग नाव काढायला काय हरकत होती? ती कंडक्टरला म्हणाली, "तू मला तुझ्या अक्षरात लिहून दे, तसंच्या तसं काढते. माझं अक्षर कोंबडीचे पाय." त्याने चालत्या बसमध्ये, दांड्याला पाठ टेकून, तिकिटाच्या कागदामागे लिहिलं आणि थांब्यावर खिडकीतून तिच्या हातात दिलं. तो लिहीत असताना ड्रायव्हरने नेमका ब्रेक मारला असावा. कागदावरच्या तीन आकारांपैकी पहिला तिला शेपटी उचललेल्या मांजरासारखा वाटला, तिसरा मुडपलेल्या गुडघ्यासारखा. मधला म्हणजे कमरेवर हात ठेवून उभा असलेला माणूस, आणि त्याच्या डोक्यापासून निघून शेजारी खालपर्यंत घसरलेली एक रेघ. डोक्यावर ओझं आहे की हातात काठी? ती रेघेकडे बराच वेळ बघत बसली. विचारलं असतं तर उघडी पडली असती. शेवटी तिने माणसाला काठी दिली, सरळ, ठसठशीत, आणि हात धुतले.

हॉलमध्ये दीडशे माणसं तोंडं पाडून बसली होती. ड्रमवरची चादर काढली तशी एक लाट यावी तसं सगळं सभागृह गप्प झालं. समोर लग्न मोडलेला नवरदेव बास गळ्यात घालून उभा, आणि त्याच्या मागे काळ्या अक्षरांत: उजाड. मग आत्याचा खणखणीत आवाज आला, "अगं बाई, बरोब्बर नाव ठेवलंय मेल्यांनी!" आणि माणसं हसायला लागली. चार दिवस कोंडलेलं हसू, थांबता थांबेना. भाऊसुद्धा मागे वळून, वाचून, हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदा. कंडक्टर वळला. त्याने ड्रमकडे पाहिलं, एक श्वासभर, फार तर दीड. मग माइकपाशी जाऊन म्हणाला, "नमस्कार मंडळी. आम्ही उजाड." टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. ताईला काही कळलं नाही, पण टाळ्या कळल्या, तिने काठ्या उचलल्या. कार्यक्रम संपल्यावर तिने विचारलं, "उजेड म्हणत होतास ना?" तो घाम पुसत म्हणाला, "त्या दिवशी सकाळी बदललं. उजेड फार गुळमट वाटलं. चिठ्ठीत तेच तर लिहून दिलं तुला." ताई म्हणाली, "हो, तेच म्हणते मी. वाचलं मी." आणि दोघं आपापलं खोटं खिशात घालून घरी गेली. तिचं खोटं तिला माहीत होतं. त्याचं कळायला सतरा वर्षं लागली.

बँड सात वर्षं चालला. एवढ्याशा बँडचा इतिहास काय सांगायचा? वायरमन दिवसा लोकांच्या घरातल्या तारा जोडायचा आणि उरलेल्या तारांतून बँडचे अँप्लिफायर करायचा. त्यातला एक पाऊस पडला की रेडिओ पकडायचा. तीन कॅसेटी अंड्यांच्या गोदामात केल्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर लाँड्रीतल्या बाद चादरी टांगल्या, आणि दुसऱ्या कॅसेटमध्ये कान देऊन ऐकलं तर मधेच एक अंडं फुटलेलं ऐकू येतं. एका पेपरने छापलं, 'नाव उजाड, वाजवणेही उजाड.' ते वाक्य त्यांनी उचलून तिसऱ्या कॅसेटच्या कव्हरवर टाकलं. एकदा एक गृहस्थ आले, गुळगुळीत बोलणारे. म्हणाले, गाणी चांगली आहेत, आम्ही काढू, फक्त नाव जरा बदला. "उजाड म्हणजे ओसाड, भकास. कोण घरात आणेल?" कोणी काही बोलायच्या आत ताईने काठी ड्रमच्या कडेवर हाणली. "नाव बदलायचं नाही. एक वेळ माझा ड्रम बदला." तेव्हा कंडक्टर, वायरमन आणि भाऊ यांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं तिच्या डोळ्यांत राहून गेलं, दातात अडकलेल्या तंतूसारखं, आणि पुढे कित्येक वर्षांनी त्याचा अर्थ लागला.

लाँड्री बंद करायचं ठरलं तेव्हा बायका फाटकासमोर बसल्या. पाचव्या दिवशी पहाटे कंडक्टर पहिली पाळी सोडून आला, ताईने ड्रम हातगाडीवर आणला. मालकाने वीज तोडलेली, त्यामुळे गिटार मुकी, बास मुका. उरला ड्रम आणि माणसाचा गळा. थंडीने बोटं वाकत नव्हती. गाणी संपली तरी दिवस उगवेना, तेव्हा इस्त्रीच्या रुळावर चादर सारणारी तिची जोडीदारीण ड्रमवरचं नाव बघून आभाळाकडे तोंड करून ओरडली, "उजाड! अरे उजाड की आता एकदाचा!" ती हाक होती, की शिवी, की हुकूम? साठ-सत्तर बायका ओरडू लागल्या, उजाड, उजाड, आणि ताई त्या ओरडण्याला ठोका देऊ लागली. उजाडलंच शेवटी. ते तसंही उजाडणार होतं, पण त्या दिवशी फाटकासमोर बसलेल्या एकाही बाईला तसं वाटलं नाही. लाँड्री बंद झाली ती झालीच. पण ज्या शब्दाचा अर्थ ओसाड, त्याच शब्दाने दिवसाला उठवता येतं हे ताईला तिथे कळलं, आणि वाटलं, कंडक्टर किती हुशार, काय नाव शोधलंय!

बँड मोडायला असं कारण झालं नाही. वायरमन जहाजावर नोकरीला गेला, भावाचं लग्न झालं, या वेळी खरंच झालं, आणि ड्रम पलंगाखाली गेला. बेचाळिसाव्या वर्षी ताई वाचनालयाच्या वरच्या खोलीत अक्षरं शिकायला जाऊ लागली. शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स होत्या. चौथ्या महिन्यात मात्रा आली. बाई म्हणाल्या, "मात्रा डोक्यावर द्यायची, काना शेजारी." ताई म्हणाली, "आमच्यात मात्रा म्हणजे ठोका." "तुमच्यात म्हणजे?" "बँडमध्ये." अख्खा वर्ग हसला, बाईंनाही वाटलं, थट्टा आहे. घरी येऊन तिने ड्रम पलंगाखालून ओढला, धूळ पुसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं लिखाण वाचलं. उ, ज, काना, ड. बरोबर. अभिमानाने ती रंगाच्या डब्याकडे वळली. डब्यात कंडक्टरची चिठ्ठी अजून होती. ती वाचली आणि कान तापले. रेघ डोक्यावरून निघत होती. घसरली होती, पण डोक्यावरून निघत होती. म्हणजे सकाळी काही बदललं नव्हतं. म्हणजे सात वर्षं तिघांना माहीत होतं. म्हणजे त्या गुळगुळीत गृहस्थासमोर तिने काठी हाणली तेव्हा तिघं जे एकमेकांकडे बघत होते ते हे. तिच्यासमोर ते तीन चेहरे येत राहिले आणि त्यांवर काय लिहिलंय ते तिला वाचता येईना: माया, की कीव, की मागाहून चहा पिताना केलेला विनोद? त्यानंतर ती कंडक्टरकडे जायची बंद झाली. बोलावणं आलं तर म्हणायची, कामं आहेत. भाऊ विचारायचा, काय झालं? काही नाही. मग नऊ वर्षांपूर्वी भाऊ गेला, आणि त्याला विचारायचं राहूनच गेलं.

थांब्यावरून ताई चालत वायरमनच्या दुकानात गेली. तो आता जुने टीव्ही आणि रेडिओ दुरुस्त करतो, आणि ते कोणी आणत नाही. "ताई! ये, ये. पोस्टर बघितलंस?"

"वाचलं. ड्रमवरचं अक्षर कोणी बदललं?"

"ते कॉम्प्युटरवर करतात. पाच मिनिटांचं काम."

"मला अख्खा दिवस लागला होता."

वायरमनने हातातला पेचकस खाली ठेवला. "हे बघ. रेकॉर्ड काढणारी कंपनी म्हणते उजाड अपशकुनी वाटतं. आणि खरं नाव उजेडच होतं ना? चूक सुधारली एवढंच. अडतीस वर्षं तोंड शिवून बसलोय मी, तुझ्यासाठी. कंडक्टरने दम दिला होता, बोललात तर जीभ कापीन."

"आणि मला कंपनीचं पत्र आलं त्यात सही करा एवढंच होतं. नाव नव्हतं."

"पुस्तिकेत आहे. हे घे, आता तर वाचता येतं तुला." हे तो टोचून बोलला नव्हता, म्हणून जास्त टोचलं. तिने ओठ हलवत वाचलं: 'ड्रमवादक निरक्षर असल्याने बँडचे नाव चुकीचे रंगवले गेले होते. येथे ते मूळ रूपात देत आहोत.'

"रंगवले गेले होते," ताई म्हणाली. "आपोआप? ड्रमला घाम फुटला आणि नाव उमटलं?"

"अगं, तशी भाषा असते."

"ध चा मा मी केला होता. तुम्ही आता मा चा ध करताय, आणि तोही माझ्या हाताने."

"चूक ती चूकच ना, ताई?"

"चूक आहे. पण माझी आहे. तुला कोणी दिली सुधारायला?"

त्याने तिच्या हातातली पुस्तिका घेऊन मिटली. मग हळू म्हणाला, "सगळ्यांच्या सह्या लागतात. कंडक्टर म्हणतो, ताईने केली तर मी करतो. त्याचा गळा कापलाय, ऑपरेशन झालंय, माहितेय का तुला? आवाज गेला. फार दिवस नाहीत. तू अडून बसलीस तर त्याच्या डोळ्यांदेखत रेकॉर्ड निघायची नाही. एका मात्रेसाठी?" एका मात्रेसाठी. तालमीत एक मात्रा गळली तर हाच माणूस गिटार खाली ठेवून भांडायचा. पण हे बोलायचं तिला सुचलं ते रस्त्यावर आल्यावर.

कंडक्टर त्याच्या बहिणीकडे मागच्या खोलीत होता. खिडकीशी खुर्ची, गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी. ज्याचा आवाज बसच्या मागच्या दाराशी लटकणाऱ्यालाही बखोटीला धरायचा, तो आता लिहायचा, आणि जिला अक्षर येत नव्हतं ती वाचणार होती. एकवीस वर्षांचं न बोलणं दाराशी चपलांबरोबर काढून ठेवावं असं ताईला वाटलं, पण ते निघेना. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "का नाही सांगितलंस मला?"

त्याने विचारलंही नाही, कशाबद्दल. पाटीवर लिहिलं: टाळ्या पडल्या.

"थट्टा नको."

त्याने पुसलं. या वेळी जास्त वेळ लावला. 'आधी कीव आली. खोटं कशाला बोलू.' ताईने ते वाचलं आणि खुर्ची ओढून बसली. एकवीस वर्षं ज्या शब्दाला ती भीत होती तो समोर होता, खडूचा, आणि फुंकर मारली तर उडाला असता. तो पुन्हा लिहीत होता. 'दुसर्‍या गाण्यापर्यंत कीव संपली. नाव पटलं. उजेड काय कोणिही ठेवेल.'

"कोणीही," ताई म्हणाली. "'णी' दुसरी. तू पहिली काढलीस."

तो हसला. आवाज नव्हता, खांदे हलले, पट्टीखालून शीळ वाजल्यासारखं झालं. त्याने निमूटपणे वेलांटी दुरुस्त केली. मग ताईने सगळं सांगितलं, पोस्टर, पुस्तिका, वायरमन. "मी सही केली नाही तर ती निघायची नाही. तुला ऐकायची असेल. तसं असलं तर सांग, मी आत्ता करते. नाव गेलं खड्ड्यात." हे म्हणताना तिला ते खरंच वाटत होतं; फोटोतली पंचवीस वर्षांची ती पोरगी तिने त्या क्षणी विकायला काढली होती. कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं, एक श्वासभर, फार तर दीड, आणि लिहिलं: 'मी ऐकलंय. मी गात होतो.'

घरी येऊन ताईने कंपनीचा कागद काढला. सहीच्या जागेवर रेघ मारली. पाठीमागच्या कोऱ्या बाजूला, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून, एकेक अक्षर पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात न लावता तिने लिहिलं: 'बँडचं नाव उजाड आहे. ते मी रंगवलं. तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. आता येतं. आता परत रंगवायला सांगितलं तरी मी उजाडच लिहीन.' आणि त्याखाली सही केली. मग चष्मा काढून ठेवला.

कंपनीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं: नाइलाज आहे, रेकॉर्ड रद्द. पोस्टरवर दातांच्या दवाखान्याची जाहिरात चिकटली. वायरमन महिनाभर ताईशी बोलला नाही. मग एके दिवशी जिना चढून धापा टाकत आला, काखेत मूळ टेप. "तुझ्यासारखी हट्टी बाई त्रिभुवनात नाही," तो म्हणाला. "दुकान तसंही रिकामं आहे. मी एकेक कॅसेट भरतो. पण कव्हरं छापायची कुठे?" ताई म्हणाली, "छापायची कशाला? ब्रश आण." मग दुपारभर रेडिओंच्या सांगाड्यांमध्ये बसून तो कॅसेटी भरायचा आणि ती कव्हरं रंगवायची. कधी उ कलायचा, कधी ड. भरून झालेली पहिली कॅसेट वायरमन स्वतः कंडक्टरकडे घेऊन गेला. कंडक्टरने ती बहिणीला खुणेने लावायला सांगितली, पूर्ण ऐकली, आणि अंडं फुटलं तिथे बोट वर केलं.

भावाच्या मुलीला मुलगा झाला त्या साली, अकरा मार्चला, मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता, कंडक्टर वारला. तोवर एकशे सात कव्हरं रंगवून झाली होती.